टेलचा माणूस

रात्रीचे नऊ वाजले की आप्पांच्या घरातली माणसं टीव्ही बघायला बसतात. आप्पा टीव्ही मोजायला बसतात. मांडीवर पाटबंधारे खात्याच्या काळातलं लांबडं रजिस्टर, कानावर पेन्सिल, हातात नातवाचा जुना मोबाइल आणि त्यात चालू केलेलं स्टॉपवॉच. समोर ‘बिग बॉस मराठी’च्या घरात पोळीवरून रणकंदन पेटलेलं असतं. माई पदर तोंडाला लावून बघत असतात, सूनबाईंच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिलेली असते, आणि एवढ्यात आप्पा गरजतात, “तीन मिनिटं! ह्या बाईचं आजचं संपलं!”

बाई पुढं अर्धा तास बोलत राहतात. आप्पा तो अर्धा तास रजिस्टरात ‘जादा उचल’ या सदराखाली घालतात.

असे आप्पा गावोगाव असतात. लग्नाच्या पंगतीत त्यांचं लक्ष जिलबीवर नसतं, वाढप्याच्या हातावर असतं. ग्रामसभेत सरपंच काय बोलले ते त्यांना सांगता येणार नाही, पण किती वेळ बोलले ते मिनिटासकट येईल. सत्यनारायणाच्या प्रसादात केळ्याचा मोठा काप कुणाच्या द्रोणात पडला हे सगळ्यात आधी त्यांना दिसतं. आणि गंमत म्हणजे स्वतःला कमी आलं म्हणून ते कधी कुरकुरत नाहीत. ते दुसऱ्याच्या वतीनं भांडतात. ज्याच्या वतीनं भांडतात, तो बिचारा बहुतेक वेळा खाऊन, हात धुऊन घरी गेलेला असतो.

आप्पा पाटकरी म्हणून नोकरीला लागले आणि मोजणीदार म्हणून निवृत्त झाले. सगळी हयात कुकडीच्या डाव्या कालव्यावर गेली. जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणातून निघालेला हा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असं करत पार सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो. म्हणजे जाण्याची अपेक्षा असते. कालव्याच्या तोंडाशी असतो तो ‘हेड’चा शेतकरी आणि शेवटाला असतो तो ‘टेल’चा. कागदोपत्री दोघांना पाणी घ्यायची एकच शेजपाळी, पाणी मागायचा एकच सात नंबरचा फॉर्म आणि एकच पाणीपट्टी. प्रत्यक्षात हेडच्या माणसाला पाणी मिळतं आणि टेलच्या माणसाला आवर्तन सुटल्याची बातमी मिळते. टेलकडून हेडकडं पाणी द्यायचं, असं धोरण ठरलेलं आहे. धोरण उत्तम आहे. पाण्याला तेवढं ते अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही.

एवढं आयुष्य गेटच्या चाकाशी काढल्यावर माणसाच्या डोळ्याला एक सवय लागते. कुठंही काही वाटलं जात असलं, की हा आधी चाक कुणाच्या हातात आहे ते शोधतो.

आप्पांना ते टीव्हीत सापडलं. हा शोध ‘बिग बॉस’च्याही आधीचा. २००८ साली झी मराठीवर ‘सा रे ग म प’चं लिटल चॅम्प्सचं पर्व आलं आणि महाराष्ट्रातली घरंच्या घरं त्या पोरांच्या मागं वेडी झाली. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायच्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षण करायचे. सुरुवातीला आप्पा खूश होते. “ह्याला म्हणत्यात समान वाटप! दर पोराला एक गाणं. हेड न्हाई, टेल न्हाई.” दोन आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आलं, की गाणं समान आहे पण गाण्यानंतरचं कौतुक समान नाही. एकाला ‘छान’ म्हणून सोडून देतात आणि दुसऱ्याच्या वेळी आईचे डोळे, बाबांचे डोळे, आजीचे डोळे, पुन्हा आईचे डोळे. आप्पांनी त्याच रात्री माळ्यावरून रजिस्टर काढलं. पहिल्या पानावर रकाने पाडले: गाणं, कौतुक, रडणं. फेब्रुवारी २००९ मध्ये आळंदीची कार्तिकी विजेती झाली तेव्हा गावात फटाके वाजले, आणि ‘तीच का’ यावर आठवडाभर पारावर वाद झाला. आप्पा वादात पडले नाहीत. “रडण्याचा रकाना पुरा भरल्याबिगर मी मत देनार न्हाई,” म्हणाले.

मग १५ एप्रिल २०१८ ला ‘बिग बॉस मराठी’ सुरू झालं आणि आप्पांच्या निवृत्त आयुष्याला अर्थ आला. शनिवार-रविवारी महेश मांजरेकर यायचे आणि त्या भागाला ‘चावडी’ म्हणायचे. चावडी हा शब्द ऐकल्यावर आप्पा टोपी घालून बसले. मूळ खेळ १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला हे नातवानं सांगितल्यावर तर त्यांचा आदर दुणावला. तो देश समुद्र अडवून जमीन करणारा, म्हणजे पाटबंधाऱ्यातली भावकीच.

आता आप्पांचा सिद्धांत. तो त्यांनी मला इतक्यांदा सांगितलाय की मी झोपेत म्हणून दाखवीन. २०२४ चं पाचवं पर्व घ्या. रितेश देशमुख सूत्रसंचालक, २८ जुलैला सुरू, घरात सोळा जण. कार्यक्रम एक तासाचा. टीव्हीवर तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवू नयेत असा सरकारी नियम आहे. साठातून बारा गेले, राहिले अठ्ठेचाळीस. भागिले सोळा. “माणशी तीन मिनिटं!” आप्पा हे असं म्हणतात, जणू निसर्गानंच ती बेरीज जुळवून ठेवलीय. “शेजपाळीसुद्धा इतकी सुबक बसत न्हाई, भाऊ. तीन मिनिटं. एक सेकंद हिकडं न्हाई, एक तिकडं न्हाई.”

आता त्या सोळा जणांचं दिवसाचं जगणं धरलं तर होतात तीनशे चौऱ्याऐंशी तास. ते भिंतीभिंतीतले कॅमेरे टिपत असतात. त्यातून पडद्यावर यायचं एक तासाच्या आतलं. धरण केवढं आणि चारी केवढी! पण आप्पांना चारीच्या आकाराबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती चारीपर्यंत पोचण्याआधीच जे जिरतं त्याची. कालच्या भागाची उजळणी, पुढच्या भागाची झलक, एक थोबाड रागानं वळलेलं दाखवताना तेच वळण तीनदा, वर ढोल. हे सगळं ते ‘वहनव्यय’ या रकान्यात घालतात. पाटाचं पाणी वाटेत मुरतं, वाफ होतं, त्याला खात्यात हाच शब्द आहे. काही रात्री वहनव्यय इतका होतो की आप्पा म्हणतात, “ह्याला अस्तरीकरण पाहिजे.”

मोजण्याचे नियम त्यांनी महसुलाच्या पद्धतीनं बांधलेत. एकटा माणूस पडद्यावर असेल तर पूर्ण सेकंद त्याच्या नावावर. दोघं असतील तर सामाईक विहीर, निम्मं-निम्मं. घोळका असेल तर बोलणाऱ्याचा हिस्सा आणि बाकीच्यांची वहिवाट. पाठ दिसली तर पाव. नुसता आवाज आला आणि माणूस दिसला नाही तर पोटखराबा. झोपलेला माणूस दाखवला तर पडीक. कन्फेशन रूममध्ये कुणी एकटं बसून बोललं तर ती बागायत, तिला दीडपट आकारणी, कारण तिथं माणूस आपली बाजू आपल्या तोंडानं सांगतो आणि मधे बोलायला दुसरा कुणी नसतो.

या शेवटच्या नियमावर मी आप्पांना हसलो होतो. पुढं नातवाचा एक मित्र गावी आला. तो मुंबईत एडिटिंगच्या कामात आहे. त्यानं सांगितलं ते ऐकून माझं हसणं थांबलं. असल्या कार्यक्रमांत म्हणे काही माणसांचं कामच असतं, चोवीस तासांत कुणी कधी काय बोललं याची नोंद ठेवायची. मग संध्याकाळी बसून ठरतं, की आजची गोष्ट कोणती. गोष्ट ठरली की तिच्यात बसणारी माणसं उरतात, न बसणारी गळतात. ज्यानं दिवसभर शांतपणे भांडी घासली, कुणाशी वाद घातला नाही, रात्री देवाचं नाव घेऊन झोपला, त्याच्यावर गोष्ट कुठून रचणार? आणि भांडण झालं तर ते एकटं येत नाही. भांडणाआधीचा गैरसमज, भांडण, भांडणानंतर दोन्हीकडच्या दोन-दोन मैत्रिणींची कुजबुज, तिसऱ्याचा सल्ला, मग मिठी. एका भांडणावर सात जणांचं पोट भरतं.

“म्हंजे ज्याचं भांडान त्याचं पानी,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी ते रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं.

पाचव्या पर्वात निक्की तांबोळी यांचा रकाना रोज काठोकाठ भरायचा, याचं कारण त्यांना असं रीतसर कळलं. वर्षा उसगावकर यांच्यासारख्या जुन्या नटीशी त्यांची खडाजंगी झाली की आप्पा पेन्सिल खाली ठेवून नुसते बघत राहायचे. माईंना वाटायचं, आप्पांना वाईट वाटतंय. आप्पा म्हणायचे, “वाईट न्हाई गं. एवढा विसर्ग मोजायचा कशानं?”

आणि त्याच पर्वात आमच्या श्रीगोंदा तालुक्यातला माणूस! घनःश्याम दरोडे. ‘छोटा पुढारी’ म्हणून भाषणांनी गाजलेला. पहिल्या दिवशी तो घरात शिरला तेव्हा पारावरच्या मोबाइलभोवती पन्नास डोकी होती. नगरचं अहिल्यानगर करायचं ठरलं तेव्हा एवढी चर्चा झाली नव्हती. आप्पांनी मात्र रजिस्टराच्या पुठ्ठ्यावरचं जिल्ह्याचं नाव तेवढं लाल शाईनं खोडून नवं लिहिलं होतं, आणि आतल्या रकान्यात कुणाला एक सेकंदही वाढवून द्यायला ते तयार नव्हते.

“आप्पा, आपला मानूस हाय,” कुणीतरी म्हणालं.

“आपला हाय म्हनूनच एक सेकंद जास्त धरनार न्हाई. उद्या म्हनशील, आपला हाय म्हनून चारी फोड.”

रोज रात्री साडेदहाला लोक आप्पांच्या ओट्यावर यायचे. पाण्याचं गेज विचारावं तसे विचारायचे, “आज श्रीगोंदा किती?” आप्पा आकडा सांगायचे. आकडा बरा असला की लोक समाधानानं घरी जायचे. कमी असला की ओट्यावर उकळी फुटायची. एक दिवस फारच कमी भरला तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं निकाल दिला, “श्रीगोंदा टेलला हाय, हे टीव्हीवाल्यांनासुदीक ठावं झालंय.” यावर सगळे गंभीर झाले. कुणी तरी तालुक्याला निवेदन द्यायची सूचना मांडली. कालवा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, असंही एकानं सुचवलं आणि दोघांनी अनुमोदन दिलं. घनःश्याम अंतिम फेरीच्या बऱ्याच आधी बाहेर पडला. त्या रात्री ओट्यावर सुतकी शांतता. आप्पांनी त्याच्या रकान्याखाली आडवी रेघ मारली आणि लिहिलं, ‘आवर्तन बंद.’

आप्पांना गावात विरोधक नाही असं समजू नका. नानांचं कटिंगचं दुकान एसटी स्टँडला लागून आहे. नाना नाटकवेडे. नगरला महाकरंडकाच्या एकांकिका बघायला दरवर्षी दुकान बंद ठेवून जाणारा हा माणूस. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून ते मोठ्यांदा मतं मांडतात, त्यामुळं त्यांच्याशी सहसा कुणी वाद घालत नाही. आप्पा दाढी घरी करतात, म्हणून तेवढे घालतात.

नानांचं म्हणणं असं, की मिनिटं मोजणं हा मूर्खपणा आहे. “आपल्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांना ‘अर्धसत्य’मध्ये किती वेळ दिलाय ते सांगा. सगळा पिक्चर ओम पुरीचा. रामा शेट्टी येतोय किती? चार-दोन प्रसंग! आन बाहेर पडल्यावर लोकांच्या डोक्यात कोन? फिल्मफेअर कुनाला मिळालं? आता बोला, मोजनीदार!”

आप्पा दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांनी नातवाकडून तो १९८३ चा पिक्चर मोबाइलवर लावून घेतला, स्टॉपवॉच घेऊन बसले, आणि तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन उभे राहिले. “नाना, माप थोडं भरलं, मान्य. पन त्या थोड्या मापात त्याच्या तोंडावर दुसरं कुनीच न्हाई. निव्वळ बागायत हाय ती. दीडपट आकारनी धर.” नानांनी हातातला वस्तरा थांबवून विचार केला. खुर्चीतलं गिऱ्हाईक तेवढा वेळ श्वास रोखून होतं.

खरं सांगायचं तर या मुद्द्यावर मला आप्पाच बरोबर वाटतात. नाटकात-सिनेमात लेखकानं भूमिका आधी लिहिलेली असते, नटाला ती माहीत असते, मेहनताना ठरलेला असतो. इथं माणूस दिवसभर जगतो आणि त्याची भूमिका रात्री दुसऱ्या खोलीत, त्याच्या माघारी लिहिली जाते. वर त्याच भूमिकेवर लोक मतं देतात. जो दिसला नाही त्याला मत कोण देणार? मत नाही म्हणून तो बाहेर, आणि बाहेर गेल्यावर लोक म्हणतात, ‘तसाही दिसत नव्हता.’ टेलच्या माणसालाही लोक असंच म्हणतात, ‘तसंही त्याच्याकडं ऊस नव्हता.’ अरे, पाणी आलं असतं तर ऊस असता ना!

आप्पांसारखी माणसं परदेशात तर गठ्ठ्यानं आहेत. अमेरिकेत २००० सालापासून ‘सर्व्हायव्हर’ नावाचा खेळ चालू आहे. तिथले चाहते दर भागात कोण किती वेळा कॅमेऱ्याशी एकटं बोललं ते मोजून तक्ते करतात आणि त्यावरून शेवटी कोण जिंकेल त्याचे अंदाज बांधतात. तिथल्या ‘बिग ब्रदर’ची तर घरातली थेट दृश्यं पैसे भरून दिवसरात्र बघता येतात. हे ऐकून आप्पा म्हणाले, “म्हंजे थेट धरनावर जाऊन बसायचं!” त्यांच्या चेहऱ्यावर काशीयात्रेचा भाव होता. दक्षिण कोरियात ‘प्रोड्यूस १०१’ नावाचा कार्यक्रम झाला. पहिल्या पर्वात एकशे एक मुली, त्यातून लोकांच्या मतांनी अकरा निवडायच्या. तिथली पोरं आपल्या आवडत्या मुलीला किती सेकंद दाखवलं याचे हिशेब मांडून भांडायची. पुढं २०१९ मध्ये मतांच्या आकड्यांतच फेरफार झाल्याचं उघड झालं आणि निर्मात्याला तुरुंगात जावं लागलं.

नातवानं हे सांगितलं तेव्हा आप्पा उठून उभे राहिले. “तुरुंग? मापात खोट केली म्हनून?” पुन्हा खाली बसले. “आन आपल्याकडं चारी फोडनाऱ्याला काय हुतं? चारी दुरुस्तीचं टेंडर मिळतं.”

पण आप्पांच्या सिद्धांताला खरा सुरुंग लागला ६ ऑक्टोबर २०२४ ला. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण जिंकला. गायक अभिजीत सावंत दुसरा. जान्हवी किल्लेकर नऊ लाखांची बॅग घेऊन शेवटाला बाहेर पडल्या होत्या. तोंडाळांच्या त्या घरात सूरज सुरुवातीला भांबावून गप्प-गप्प असायचा. डाव आखणं त्याला जमायचं नाही, इंग्रजी शब्दांच्या फैरी डोक्यावरून जायच्या. आप्पांच्या रजिस्टरात त्याच्या पहिल्या पानांवर पडीक आणि पोटखराबाच जास्त. आणि तोच जिंकला! ओट्यावर जमलेल्या पोरांनी सूरजचं ‘झापुक झुपूक’ करून धुरळा उडवला. नाना दुकान बंद करून मुद्दाम आले होते. त्यांनी ओट्याच्या पायरीवर पाय ठेवून विचारलं, “मोजनीदार, हे कुठल्या रकान्यात बसतंय?”

आप्पांनी चष्मा पुसला. दहा पानं मागं उलटली, पाच पुढं. माईंनी चहा आणला, तो घेतला. मग म्हणाले, “बसतंय की. हेडच्या जमिनीला लई पानी पाजलं की ती चोपन होती. मीठ फुटतं. टेलला जमीन राखून ऱ्हाती. एक पानी बसलं तरी पीक येतं.”

“म्हंजे कमी दाखवलं की जिंकतो?”

“काही येळा.”

“आन जास्त दाखवलं की?”

“काही येळा.”

नाना घरी गेले. आप्पांचं असं आहे, की त्यांचा सिद्धांत कुठल्याही निकालात बसतो. म्हणून तो मोडत नाही. खात्यात तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा अहवाल असाच असतो.

यातून एक झालं. वाटप कसं करावं हे ज्याला कळतं तो आप्पा, अशी त्यांची गावात ख्याती झाली. त्यामुळं पुढच्या गणपतीत मंडळानं ‘गावचा कलाकार’ स्पर्धा ठेवली, तेव्हा वेळेचं नियोजन आपोआप आप्पांकडं आलं. आयुष्यात पहिल्यांदा चाक पूर्ण त्यांच्या हातात. वर कुणी साहेब नाही, खाली कुणी पाटकरी नाही.

त्यांनी ते गंभीरपणे घेतलं. घरात सात नंबरच्या जुन्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता, तोच प्रवेशअर्ज म्हणून वाटला. त्यात ‘पीक’ असं छापलेलं होतं तिथं मुलांनी आपापली कला लिहायची. कुणी पोवाडा लिहिलं, कुणी नकला लिहिलं. एकीनं लावणी लिहिलं आणि तो एकच फॉर्म खात्याच्या दृष्टीनंही बरोबर भरला गेला. एकंदर वीस अर्ज. कार्यक्रम आठला सुरू, दहाला स्पीकर बंद. आरती पंधरा मिनिटं. पाहुण्यांचे सत्कार, शाल, श्रीफळ, मनोगत, हे पंचेचाळीस मिनिटं; ते आप्पांनी मोठ्या मनानं वहनव्ययात घातलं. राहिला एक तास. भागिले वीस. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे भरून आले होते. “तीन मिनिटं,” म्हणाले.

पहिलाच पोरगा पोवाड्याचा. अफझलखानाचा वध. पोरगं तयारीचं, आवाज खणखणीत. शामियाना दिसला, महाराज आले, खानानं हात पसरले, मान काखेत दाबली, पोरानं बोटांत वाघनखं धरल्यासारखा हात वर नेला आणि आप्पांची शिट्टी वाजली. तीन मिनिटं पूर्ण.

“आप्पा, मारू द्या की आधी!” मांडव ओरडला.

“पाळी संपली,” आप्पा म्हणाले. आमच्या गावात त्या वर्षी अफझलखान वाचला.

नकलाकार पोरानं दोन पुढारी दीड मिनिटात उरकले आणि उरलेलं दीड मिनिट पोवाडेवाल्या दोस्ताला द्यायला निघाला. आप्पांनी ते नामंजूर केलं. एकाच्या नावचं पाणी दुसऱ्याच्या रानात परवानगीशिवाय फिरवता येत नाही. त्यामुळं दीड मिनिट मांडवात सगळे एकमेकांकडं बघत बसले. पेटीवाल्या मुलाला शिट्टी नेमकी समेच्या एक मात्रा आधी लागली, त्याची आई अजून आप्पांशी बोलत नाही. तिसरीतली एक चिमुरडी भाषणाला उभी राहिली आणि पहिल्या वाक्यानंतर सगळं विसरली. मास्तर तिला खाली न्यायला पुढं झाले तर आप्पांनी हात आडवा केला. “तिची तीन मिनिटं हायेत.” ती उभी राहिली. मांडव बघत राहिला. तिनं फ्रॉकचं टोक चावलं, गणपतीकडं पाहिलं, एकदा हसली, आईला हात केला. शिट्टी वाजली तेव्हा त्या रात्रीच्या सगळ्यांत जोरदार टाळ्या तिला पडल्या. नाना माझ्या कानाशी म्हणाले, “सूरज चव्हाण!”

पण बाकी कार्यक्रम मेला होता, हे कबूल करायला हवं. बरोबर तीन मिनिटांचे वीस तुकडे, कुठं उतार नाही की चढ नाही. सपाट रानात पाणी जागच्या जागी उभं राहावं तसं. लोक मागच्या मागं उठून वडापावच्या गाडीकडं सरकायला लागले. एडिटिंगवाला पोरगा तिथं असता तर त्यानं अर्ध्या तासात त्यातला पोवाडा आणि ती चिमुरडी एवढंच ठेवलं असतं आणि गाव शेवटपर्यंत हललं नसतं. उरलेल्या अठरा जणांच्या आया मात्र दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभ्या राहिल्या असत्या.

विसावा नंबर आप्पांच्या नातीचा. टीका नको म्हणून आप्पांनीच तिला टेलला टाकलेली. नऊवारी, नथ, पायात चाळ. गाणं सुरू झालं. पोरगी अशी नाचली, की गाडीकडं गेलेले लोक हातात वडा घेऊन परत आले. दोन मिनिटं झाली. तीन झाली. आप्पांच्या तोंडात शिट्टी होती, गाल फुगलेले होते. ती वाजली नाही. गाणं आपल्या आपण संपलं.

टाळ्या थांबायच्या आत मांडवाच्या डाव्या अंगाकडून नानांचा आवाज आला, “चार मिनिटं दहा सेकंद!” उजवीकडून कुणी म्हणालं, “माझ्यात चार-बारा झाले.” वळून बघतो तर मांडवात जिकडं तिकडं मोबाइल वर धरलेले, आणि प्रत्येकात स्टॉपवॉच. पोवाडेवाल्याच्या बापानं उभं राहून जाहीर केलं, की ह्या सत्तर सेकंदांत खान दोनदा मेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना सात नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर लेखी तक्रार घेऊन आप्पांच्या ओट्यावर आले. विषय: टेलला जादा विसर्ग सोडल्याबाबत. खाली एकोणीस पालकांच्या सह्या, त्यांतले दोन अंगठे. आप्पांनी अर्ज उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. आतून रजिस्टर आणलं, नवं पान काढलं, आवक क्रमांक एक टाकला, तारीख घातली आणि सही करून पोच नानांच्या हातात दिली.

“चौकशी कधी?” नानांनी विचारलं.

“गुरुवारी चक्कर मारा,” आप्पा म्हणाले, “साहेब दौऱ्यावर हायेत.”